सातनंतरचा भाव

भावाबद्दल मला कोणी शिकवू नये. सत्तावीस वर्षं बेकरीच्या गल्ल्यावर बसले आहे. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मला कळतं, हा पूर्ण पैसे देणार की "कालचा काही आहे का हो?" म्हणून विचारणार. आमच्याकडे नियम साधा आहे. संध्याकाळी सात वाजले की उरलेला पाव अर्ध्या किमतीत. सकाळपर्यंत तो शिळा होणार, आणि शिळ्या पावाचा टोस्ट करण्यापलीकडे काही होत नाही. त्यापेक्षा सात वाजता जाऊ द्यावा.

आता असा नियम लोकांना कळला की काय होतं ते सांगते. पावणेसातपासून दुकानाबाहेर माणसं घुटमळायला लागतात. आम्ही त्यांना 'सातवाले' म्हणतो. कोणी बुटाची नाडी बांधतंय, कोणी समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचतंय, जणू ती आजच लावली आहे. त्यांचे पुढारी म्हणजे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक पाव आपणहून पूर्ण किमतीला घेतलेला नाही. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. बाहेर चार-पाच डोकी दिसली की मी घड्याळाकडे बघतच नाही. सात पाच होतात, सात दहा होतात, मी आपली ट्रे पुसत बसते. माणूस वाट बघतोय म्हणजे त्याला पाव हवाच आहे. ज्याला हवाच आहे त्याला स्वस्तात कशाला द्यायचा? त्यांतले दोघे-तिघे कंटाळतात आणि पूर्ण पैसे मोजून घरी जातात. बाहेर चिटपाखरू नसलं तर मात्र मी सातला दोन कमी असतानाच पाटी लावते.

हे एवढं सविस्तर अशासाठी सांगितलं, की पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कोणी म्हणू नये. चांगलं विचार करून केलं, आणि म्हणूनच एवढं बिघडलं.

झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आमच्या दोघींत अकरा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून तिला पीठ मळायला शिकवण्यापर्यंत सगळं मीच केलं. तिच्या हाताचे बन इतके एकसारखे, की गिऱ्हाइकं विचारायची, साचा कुठून आणला? आणि पाच वर्षांपूर्वी एक दिवस ती म्हणाली, "ताई, मी जाते. मोठ्या हॉटेलात काम मिळालंय." ते शहर विमानाने चार तासांवर, गाडीने गेलं तर तीन दिवस. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जा! महिन्याभरात रडत परत नाही आलीस तर नाव बदलीन." आणि तिला सोडायलाही गेले नाही. भट्टीत ट्रे आहे म्हणून सांगितलं. भट्टीत ट्रे नव्हता. हे तोवर मी कोणाला बोलले नव्हते.

नंतर आमचं बोलणं होत होतं, नाही असं नाही. पण काय बोलणं? तिकडे थंडी किती, इकडे यीस्ट केवढ्याला. पाच वर्षं दोघीही मूग गिळून बसलेल्या. आणि त्या दिवशी ती एका दमात म्हणाली, "ताई, मी स्वतःची बेकरी काढतेय. विटांची भट्टी बांधून घेतलीये. शाळांना सुट्टी लागली की तुझ्याकडे गर्दी कमी असते ना, म्हणून सुट्टीतला पहिला रविवार धरलाय. अजून अडीच महिने आहेत. पहिला ट्रे तू सरकवायचास. तू आल्याशिवाय मी त्या भट्टीत बिस्किटसुद्धा भाजणार नाही."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला, मागे मैद्याच्या खोलीत गेले आणि पोत्यावर बसून पोटभर रडले. बाहेर आले तर हे म्हणाले, "डोळ्यात पीठ गेलं का?" हे म्हणजे आमचे यजमान. सगळा जन्म भट्टीसमोर गेला, बोलणं मोजून-मापून. मी म्हटलं, "हो, पीठच गेलं." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

आमची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी घरी आली आणि तिने लगेच फोनवर तिकीट बघितलं. आमच्या घरात सगळे हिशेब पावात होतात, त्याला इलाज नाही. तर तिकीट निघालं बाराशे पावांचं.

"आई, आजच काढून टाकू," ती म्हणाली. "दोन-अडीच महिने आधी भाव बरा असतो. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत वाढत जातो. सगळे हेच सांगतात."

"सगळे कोण? गिऱ्हाइकं," मी म्हटलं. "मी दुकानदार आहे. मला सांग, पाव उरला तर त्याचा टोस्ट होतो. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीचं काय करतात?"

"काही नाही."

"मग? एवढा नाशवंत माल जगात दुसरा नाही. आज ऐटीत बाराशे म्हणतायत. आदल्या दिवशी खुर्च्या उरल्या की सहाशेला घ्या म्हणून मागे लागतील."

"आई, ते लोक सात वाजता पाटी नाही लावत."

"लावतात. आपल्याला कळू देत नाहीत, एवढंच. तुला पगार मिळतो, तुला काय कळणार नाशवंत माल!"

लेकीने यांच्याकडे बघितलं. हे भाकरी मोडत होते, ते मोडतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी भाव बघायला लागले. लेकीने कुठे दाबायचं ते शिकवून ठेवलं होतं. सकाळी पहिला ट्रे निघाला की एकदा, दूधवाला गेला की एकदा, दुपारी गिऱ्हाईक नसताना तीनदा. पहिला आठवडा बाराशेच. दुसऱ्या आठवड्यात बाराशे साठ. मी म्हटलं, ताणतायत, ताणू देत. तिसऱ्या आठवड्यात तेराशे चाळीस. आता मात्र माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. पैशाचं सोडा, पण कोणीतरी माझ्याशीच माझा खेळ खेळत होतं, ते मला सहन होईना.

आणि एका संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर मास्तर आणि मंडळी उभी होती, सात वाजून आठ मिनिटं झाली होती, आणि मी नेहमीसारखी घड्याळाकडे पाठ करून ट्रे पुसत होते. पुसता पुसता हात थांबला. म्हटलं, अगं बाई, दिवसातून पाच वेळा मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. त्यांना दिसत नसेल? पावणेसातपासून दारात उभ्या असलेल्या बाईला कोण भाव कमी करून देईल?

त्या दिवसापासून मी घरात फर्मान काढलं. कोणी तिकीट बघायचं नाही, भाव विचारायचा नाही. मुख्य म्हणजे फोनसमोर विमानाचं नाव काढायचं नाही, कारण फोन ऐकतो. लेक म्हणाली, "आई, काहीतरीच!" मी म्हटलं, "तू मागे एकदा जेवताना म्हणालीस, मान दुखते, नवी उशी घ्यायला हवी. नंतर आठ दिवस तुझ्या फोनवर उशा दिसत होत्या की नाही?" तिने आपला फोन उलटा ठेवला.

नुसतं गप्प बसूनही भागणार नव्हतं. गरज नाही हे विकणाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणून रोज जेवताना फोन टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि आम्ही तिघांनी त्याच्यासमोर बोलायचं, असं ठरलं.

"मला तर बाई कुठे जायचंच नाही," मी खणखणीत आवाजात सुरुवात करायची. "चार तास एका जागी बसून अंग आंबून जातं. तुमचं काय?"

यांचं काम एवढंच होतं की "मलाही नाही जायचं" म्हणायचं. पण यांना नाटक म्हणून कधी जमलं नाही. घास खाली ठेवायचे, हात पुसायचे, फोनकडे तोंड करायचे आणि बँकेतल्या साहेबाला सांगावं तसं सांगायचे, "आम्हाला विमान आवडत नाही. त्यात पोटात गोळा येतो." जन्मात कधी विमानात बसलेले नाहीत. लेकीला हसू आवरायचं नाही, ती पाण्याचं निमित्त करून उठून जायची. मला राग यायचा. इथे माझ्या बहिणीच्या पहिल्या ट्रेचा प्रश्न होता, आणि हिला ठसका लागतोय.

हे तीन दिवस चाललं आणि चौथ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, तिकीट काढलंस का गं?" आवाजात नुसता आनंद. "सांग ना, किती वाजता उतरतेस? मी घ्यायला येते."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? फोन तर हातात, कानाला लावलेला. तीन दिवसांची मेहनत एका वाक्यात पाण्यात जायची. पण मला धीर होता, कारण धाकटी काही परकी नव्हती. ती आठ वर्षांची असल्यापासून आम्ही दोघी पिठाच्या व्यापाऱ्याकडे जायचो. मी भाव ऐकून नाक मुरडायची, "नको मग, राहू दे, चल गं," म्हणून तिला एक डोळा मारायची, आणि दोघी पायऱ्या उतरायला लागायचो. तिसऱ्या पायरीवर व्यापारी हाक मारायचाच. कितीतरी वर्षं हा खेळ आम्ही जोडीने खेळलो. मला वाटलं, तिला अर्ध्या शब्दात कळेल.

"कसलं तिकीट?" मी मोठ्याने म्हटलं. "मला नाही यायचं बाई. एवढ्या लांब कोण येणार, एक भट्टी बघायला? भट्टी आमच्याकडे नाही का?"

आणि डोळा मारला.

मग ती म्हणाली, "बरं, ताई." आणि फोन ठेवला. मी खूश. म्हटलं, काय पोरगी आहे! एक शब्द जास्त बोलली नाही. शिकवलेलं विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, आज एकदाच बघ, तेही तुझ्या दुकानातल्या संगणकावर. तिचा फोन आला, "आई, बाराशे नव्वद!" पन्नास पावांनी उतरलं होतं. मी गल्ल्यावरून उठून आत भट्टीपाशी गेले आणि यांना म्हटलं, "बघितलंत? घाबरले." हे म्हणाले, "आता काढून घे." मी म्हटलं, "आता? आत्ता कुठे पाय घसरतोय त्यांचा. हजारच्या खाली येऊ द्या." यांनी ट्रे बाहेर ओढला आणि म्हणाले, "अति शहाणा..." पुढचं बोलले नाहीत. मोजून बोलणाऱ्या माणसाचा हा फायदा, की उरलेलं आपण हवं तसं धरून चालता येतं.

पुढच्या आठवड्यात धाकटीचा फोन नाही. मी म्हटलं, हुशार आहे, फोनवर बोलायचंच टाळतेय. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही, खरंच नाही. जायच्या दिवशी कोणती साडी नेसायची हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी मास्तरांनी मला गाठलं. सात वाजून गेले होते, त्यांचे दोन पाव कागदात बांधून झाले होते, आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी फोन मागे बिस्किटांच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि त्यांना सगळी कथा सांगितली. गणिताचा माणूस, दाद देईल असं वाटलं.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे उशिरा कोण येतं?"

"तुमच्यासारखे. ज्यांना घाई नाही ते."

"बरोबर. मला पाव नाही मिळाला तरी चालतं, मी घरी भात लावीन. म्हणून मला स्वस्त द्यावा लागतो. आता विमानाच्या तिकिटाला शेवटच्या दिवशी कोण येतं?"

मी पावाच्या कागदाची घडी सरळ करायला लागले.

"कोणाचे वडील दवाखान्यात असतात," मास्तर म्हणाले, "कोणाची नोकरीची मुलाखत उद्यावर असते. ज्याला गेल्याशिवाय गत्यंतर नाही तो शेवटी येतो. हौशी लोक आधीच स्वस्तात काढून बसलेले असतात. तुमचं उशिराचं गिऱ्हाईक रिकामटेकडं, त्यांचं उशिराचं गिऱ्हाईक अडलेलं. तुमचा भाव सात वाजता उतरतो, त्यांचा सात वाजता चढतो. यात ऐकण्या-बघण्याचा काय संबंध? बाकी तो नाटकाचा भाग मला आवडला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ते खरं होतं, आणि नऊ वर्षं अर्ध्या किमतीत पाव खाणाऱ्या माणसाने ते मला माझ्याच गल्ल्यावर उभं राहून सांगावं? मी म्हटलं, "मास्तर, आज अर्धी किंमत नाही. पूर्ण द्या." त्यांनी खिशातून पूर्ण पैसे काढून ठेवले. त्याचा मला आणखी राग आला.

तरीही मी उद्या सकाळी तिकीट काढायचं ठरवलं. गुपचूप, मास्तरांना कळू न देता. अजून महिनाभर हातात होता. पण सकाळ माझ्या मनासारखी उजाडायची नव्हती.

सकाळी साडेनऊला लेक कामावर जायची ती दुकानात शिरली. चेहरा उतरलेला. "आई, मावशीने तुला काही कळवलं का?"

"काय कळवायचंय?"

तिने फोन पुढे धरला. धाकटीने तिला लिहिलं होतं: येत्या रविवारी बेकरी उघडतेय. तारीख ताईच्या सोयीसाठी लांबची धरली होती, पण ताई येणार नाही म्हणाली. भट्टी सुकून तयार आहे, मग थांबायचं कोणासाठी? माणसांना बोलावणी गेली. तू आणि तुझे बाबा आनंदात राहा.

तो गुरुवार होता.

"येणार नाही कधी म्हणाले मी?" मी ओरडले. "अगं मी डोळा मारला होता!"

"कुठे?"

"फोनवर!"

लेकीने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "आई," ती हळूच म्हणाली, "साध्या फोनवर डोळा दिसत नाही."

गल्ल्यासमोर चार गिऱ्हाइकं उभी होती. मी यांना हाक मारली, "अहो, गल्ल्यावर या!" आणि आत मैद्याच्या खोलीत जाऊन फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा उचलला. मागे कोणीतरी ठोकाठोक करत होतं, बहुतेक पाटी लावत असावेत.

"अगं, ते खरं नव्हतं!" मी सुरूच केलं. "मी भाव पाडायला तसं म्हटलं. फोन ऐकतो ना, म्हणून. तिकीट उतरावं म्हणून गं! पिठाच्या व्यापाऱ्याकडे करायचो तसं. डोळासुद्धा मारला होता!"

ठोकाठोक थांबली. मग ती म्हणाली, "म्हणजे उतरलं असतं तर आली असतीस."

"हो ना!"

"आणि नसतं उतरलं तर?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

"ताई, महिनाभर मी रोज वाट बघत होते, तुझा फोन येईल, तिकीट काढलं म्हणशील," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "मागच्या वेळी भट्टीत ट्रे होता. या वेळी भाव चढलाय. मी म्हणजे तुझा सातनंतरचा पाव आहे, ताई. स्वस्त झाला तर घ्यायचा."

"असं बोलू नकोस गं."

"मी रागावले नाहीये. माणसं बोलावलीयत, आता बदलता येणार नाही. यायचं तर ये, नाहीतर राहू दे." आणि तिने फोन ठेवला.

मी त्या पोत्यावर बसले. रडूही येईना. लेक दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. भट्टीत ट्रे नव्हता, हे तिकडे तिला पाच वर्षं माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. तिला त्या दिवशी पावाचा वास आला नसेल. बेकरीत वाढलेल्या मुलीला ट्रे आत आहे की नाही ते नाकाला कळतं. एवढी साधी गोष्ट माझ्या कशी लक्षात आली नाही!

"शनिवारचं बघ," मी लेकीला म्हटलं.

तिने बघितलं. सांगायला तिची जीभ रेटेना. "चार हजार, आई. पाव म्हणतेय मी. एकच खुर्ची आहे."

चार हजार पाव! हे गल्ला सोडून आत आले होते, बाहेर गिऱ्हाईक एकमेकांची तोंडं बघत उभं. पीठ मळायचं नवं यंत्र घ्यायचं म्हणून आम्ही दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "यंत्र थांबेल. मला हात आहेत." एवढं मोठं भाषण त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल.

लेक माझं नाव भरायला लागली. जन्मतारीख भरली, पुढे गेली, आणि थबकली. "आई, वाढलं. चार हजार दोनशे."

मग मात्र मला काय झालं कोण जाणे. मी तिच्या हातातला फोन घेतला, तोंडासमोर धरला आणि ओरडले, "ऐक! मला जायचंय! मला जायचंच आहे! लाव काय भाव लावायचाय तो!" बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावायला लागली. औषधाच्या दुकानातला माणूस रस्ता ओलांडून आला, कोणाला काही झालं का बघायला. लेकीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि दाबायचं ते दाबलं.

तिने मावशीला फक्त "आई निघाली" एवढं कळवलं. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिच्या दुकानासमोर गाडीतून उतरले. शनिवारी सकाळच्या ऐवजी विमान शनिवारी संध्याकाळी सुटलं होतं. उतरल्यावर विमानतळाजवळच्या एका खोलीत पाठ टेकली, पण डोळा लागला नाही. दुकान लहानसंच, तीन पायऱ्या चढून जायचं. दाराला निळा रंग, अजून वास येणारा. कपाटं रिकामी, आठ-दहा माणसं बाहेर कपातून काहीतरी पीत उभी. धाकटी दारात होती. कोपरापर्यंत पीठ, केस पांढऱ्या फडक्यात बांधलेले. वजन कमी झालं होतं. पाच वर्षांत कोणी मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पिशवी घ्यायला हात पुढे केला नाही.

"मिळालं वाटतं शेवटी स्वस्तात," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षं मी कुठलीही वस्तू कितीला घेतली ते कोणाला खरं सांगितलेलं नाही. नेहमी कमी सांगायचं, म्हणजे समोरचा जळतो. जीभ सवयीने वळायलाच लागली होती. पण त्या पोरीचं तोंड बघितलं आणि म्हटलं, आज नाही.

"चार हजार दोनशे," मी म्हटलं.

"काय?"

"पाव. मोठे."

तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती मनात ट्रे मोजत होती. साठ पावांचा एक ट्रे, हे तिच्या रक्तात आहे. "सत्तर," ती म्हणाली. "सत्तर ट्रे, ताई?"

"सत्तर."

"यंत्राचे पैसे?"

"हे म्हणाले, मला हात आहेत."

ती मटकन पायरीवर बसली. बोलावलेली माणसं बघत होती, पण तिला भान नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. म्हटलं, "त्या दिवशी भट्टीत ट्रे नव्हता गं. तुला जाताना बघवणार नाही म्हणून मी आले नाही. मला तुझा राग नव्हता आला. माझी धाकटी चालली होती, दुसरं काय?"

तिने पिठाचे हात माझ्या नेसलेल्या साडीला लावले, माझ्या मानेत तोंड घातलं आणि लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली. मीही रडले. त्यातून तिला जरा श्वास आला, आणि तिने डोकं वर केलं.

"मी बघितलं होतं, बाराशेत मिळत होतं!" ती ओरडली. "वीस ट्रे! वीस ट्रेत आली असतीस! पन्नास ट्रे उधळलेस तू! सत्तावीस वर्षं धंदा करतेस, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? फोन ऐकतो म्हणे! फोनला डोळा मारते म्हणे!"

"अगं, माणसं ऐकतायत."

"ऐकू देत!"

ती ओरडत होती आणि मी खाली मान घालून ऐकत होते. भावावरून मला कोणी एक शब्द बोललेला चालत नाही. त्या दिवशी ती थांबूच नये असं वाटत होतं. ओरडतच तिने माझी पिशवी उचलली, ओरडतच मला आत नेलं, माझे हात धुतले आणि फडकं पुढे केलं. भट्टी तापून तयार होती. ट्रेवर साठ बन, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतके सारखे. मी एक बाजू धरली, तिने दुसरी.

"आणि पुढच्या वेळी," ती नाक पुसत म्हणाली, "तिकीट मी काढणार. दोन महिने आधी. तू मध्ये एक अक्षर बोलायचं नाहीस."

पुढच्या वेळी, म्हणाली ती. मी "बरं" म्हटलं, आणि आम्ही ट्रे आत सरकवला.